पेठ्यांच्या घरचं नाक

जे. पी. नगरातल्या पेठ्यांच्या घरी फ्रिज होता, पण नयनाचा त्याच्यावर फारसा भरवसा नव्हता. वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि गेली की परत कधी येईल याचाही नाही. तेव्हा असल्या लहरी कपाटाच्या जिवावर स्वयंपाकघर कसं चालवायचं, असं ती म्हणे. तिचं स्वयंपाकघर चालायचं तिच्या नाकावर.

सकाळी उठून चूळ भरली की ती आधी रात्रीच्या उरल्यासुरल्यावरची झाकणं उचलायची. भाताचं पातेलं नाकाशी न्यायची. हा फोडणीला चालेल. आमटी हुंगायची. हिच्यात दुपारी चकोल्या सोडून टाकाव्यात, संध्याकाळपर्यंत ही काही दम धरायची नाही. ताक अजून एक दिवस थांबेल, मग त्याची कढी. एवढं झालं की दिवसभराचा स्वयंपाक तिच्या डोक्यात तयार असायचा. उरलं म्हणून टाकलं, असं त्या घरात सहसा घडत नसे. दुधीच्या सालांची तीळ घालून चटणी व्हायची, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत पडायच्या, कोबीचा दांडासुद्धा किसून कोशिंबिरीत जायचा. साताऱ्याच्या एका शाळामास्तरांची ती मुलगी. पाच भावंडांच्या घरात तिच्या आईनं हे सगळं करताना कधी 'काटकसर' हा शब्द उच्चारला नव्हता. घर म्हटलं की असंच असतं, एवढंच मुलींना ठाऊक होतं.

लग्न होऊन नयना बेंगळुरूला आली, तेव्हा तिच्या या विद्येत शेजारच्या रत्नाबाईंनी भर घातली. रत्नाबाईंचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि सगळी गल्ली त्यांना रत्नाक्का म्हणायची. नाचणीचं आंबील, कुळथाचं सारू, लिंबू पिळलेलं भाताचं चित्रान्न हे सगळं नयना त्यांच्याकडून शिकली. बदल्यात रत्नाक्कांना तिनं पिठलं शिकवलं. ते त्यांना इतकं आवडलं की घरी कुणी अवेळी आलं की त्या म्हणत, "सरी, बसा स्वल्प, पिठला घालते."

एक रीत मात्र नयनानं कटाक्षानं पाळली होती. स्वयंपाक होत असताना चव घेऊन बघायची नाही. सासरी सगळ्याचा आधी देवाला नैवेद्य दाखवत, तेव्हा उष्टं कसं चालेल? पण तिला त्याची अडचणही वाटत नसे. उकळत्या आमटीची वाफ नाकाशी आली की मीठ कमी आहे की बेताचं, ते तिला कळायचं. रत्नाक्का म्हणायच्या, "हिच्या नाकातच जीभ आहे की काय, देवाला ठाऊक!"

आणि एवढं सगळं ज्याच्यासाठी करायचं, त्या माणसाला त्याचं काहीच नव्हतं. नयनाचे यजमान पद्माकर एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या चाचणी विभागात इंजिनिअर होते. सकाळी कारखान्याची बस नाक्यावर यायची, संध्याकाळी तीच परत आणून सोडायची. बोलणं मोजकं, राग कधी नाही. जेवायला बसले की पानात पडेल ते मान खाली घालून जेवायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नयनानं फार हौसेनं विचारलं होतं, "कशी झालीय भाजी?"

"छान."

दुसऱ्या दिवशी भाजी मुद्दाम थोडी करपवून बघितली.

"कशी झालीय?"

"छान."

मग तिनं विचारणंच सोडलं. या माणसाला गवत उकडून वाढलं तरी 'छान'च म्हणेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. मुलगी स्वानंदी मोठी होऊन नाक मुरडायला लागली, तेव्हा तर नयनाला बरंच वाटलं. निदान कुणीतरी काहीतरी बोलत होतं. पण कधीकधी, सगळं मनासारखं जमलेलं असताना, समोरची ती खाली घातलेली मान बघून तिला आतून एकदम रिकामं वाटायचं.

पंचाण्णव साली गौरी-गणपती आटोपले आणि नयनाला ताप आला. साधाच, गल्लीत घरोघरी होता तसा. अंग मोडून आलं, सर्दीनं नाक चोंदलं, रत्नाक्कांनी मिऱ्याचं सारू आणून दिलं, आणि आठवड्याभरात ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली. नाक मोकळं झालं होतं, श्वास छान येत होता. दूध गॅसवर ठेवून ती बाहेरच्या खोलीत केर काढायला गेली.

"आई, अगं लक्ष कुठाय तुझं? दूध जळतंय!" स्वानंदी आतून ओरडत आली. घरभर निळसर धूर झाला होता. नयनाला तो दिसत होता. डोळ्यांना झोंबतही होता. पण वास? वास काहीच नव्हता.

तिनं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं. स्वानंदी कॉलेजला गेल्यावर तिनं कोथिंबिरीची जुडी घेतली, हातावर चुरडली, नाकाला लावली. काही नाही. हिंगाची डबी उघडली. काही नाही. रॉकेलच्या डब्याचं बूच काढून बघितलं. नुसती हवा आत गेली, पाण्यासारखी. ती तशीच पाटावर बसून राहिली.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. सर्दी आहे, जाईल, असं पहिले काही दिवस वाटत होतं. नंतर सांगायची लाज वाटायला लागली. डोळे गेले तर माणूस रडतो, पाय मोडला तर चार जण भेटायला येतात. नाक गेलं म्हणून कुणाला काय सांगायचं? वर लोक हसणार!

पण घर हळूहळू बदलायला लागलं. सकाळी ती झाकणं उचलायची, पातेलं नाकाशी न्यायची, आणि तशीच उभी राहायची. भात चांगला असेल की नसेल? कसं कळणार? मग नको तो धोका म्हणून ती सगळं एका पिशवीत ओतायची. धुण्याभांड्याला येणारी यल्लव्वा पहिल्या दिवशी काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मात्र पिशवी उचलून बघत म्हणाली, "अक्का, एवढं अन्न? घरात कुणी जेवत नाही का?" नयनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांनी कधी भाताचं शीत वाया घालवलं नव्हतं, ते आता रोज अन्न टाकत होते.

तिचं स्वतःचं जेवणही उडालं. जिभेला खारट कळे, आंबट कळे, तिखट झोंबे, पण त्यापलीकडे सगळं एकसारखं. वरण आणि खीर यांत फरक एवढाच की एक खारट, एक गोड. मेतकूट-भात म्हणजे तिचा जीव की प्राण. तो कालवून तिनं दोन घास खाल्ले आणि वाळू चावल्यासारखं वाटून पान बाजूला सारलं. नवं काही करावंसं वाटेना. मुगाची खिचडी, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सारू, पुन्हा खिचडी. स्वानंदी कुरकुरायची. पद्माकर मान खाली घालून जेवायचे.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी मात्र तिच्यातली जुनी नयना उसळून आली. रात्रीची चिंचगुळाची आमटी पातेलंभर उरली होती. एवढी आमटी टाकायची? तिनं झाकण काढलं, रंग बघितला. छान लालसर होता. डावानं ढवळून बघितली, तार-बीर काही नव्हती. देवाचं नाव घेतलं, आमटी पाणी घालून उकळायला ठेवली, कणकेच्या चकोल्या कापून सोडल्या आणि वरून लसणीची फोडणी दिली. दिसायला तर इतक्या सुरेख दिसत होत्या की तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. स्वानंदी अंघोळीला गेली होती, म्हणून तिनं आधी पद्माकरांचं पान वाढलं.

ते जेवले. नेहमीसारखेच. वाटी संपली, तेव्हा तिनं आणखी वाढलं, तेही संपवलं. मग केस पुसत स्वानंदी आली, पानावर बसली, पहिला घास तोंडात घातला आणि तशीच मोरीकडे धावली.

"आई! आमटी विटलीय! केवढा वास मारतोय, तुला कळलं नाही?"

नयनानं पद्माकरांच्या पानाकडे बघितलं. वाटी पुसून स्वच्छ केलेली होती.

दुसऱ्या दिवशी पद्माकर कामावर जाऊ शकले नाहीत. रात्रभर पोटानं छळलं होतं. स्वानंदी कॉलेजला गेली. नयनानं जुना तांदूळ धुऊन मऊ भात शिजवला, डावानं घोटला, मीठ घातलं, वर तुपाचं बोट लावलं आणि वाटी घेऊन त्यांच्या पलंगाशी बसली. खिडकीतून ऊन येत होतं. ते उशीला टेकून बसले आणि सावकाश खायला लागले.

तिनं पलंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "काल तुम्हाला कळलं नव्हतं?"

"काय?"

"आमटी विटल्याचं."

ते थांबले. चमचा वाटीत ठेवला. "कळलं होतं."

"पहिल्या घासाला?"

"झाकण काढलंस तेव्हाच."

"मग खाल्लीत कशाला?" तिचा आवाज चढला. "एक शब्द बोलायला काय झालं होतं? दोनदा वाढली मी, दोनदा! माणूस आहात की कोण आहात? आजारी पडाल पण बोलणार नाही?" आणि बोलता बोलताच तिला रडू फुटलं. मग सगळंच बाहेर आलं. ताप, दूध, कोथिंबीर, रोज टाकलेलं अन्न. "मला वासच येत नाही हो. कशाचाच नाही. दोन महिने झाले. मी आंधळ्यासारखी स्वयंपाक करतेय, आणि तुम्ही... तुम्हाला काही कळतच नाही असं मी इतकी वर्षं समजत होते."

पद्माकर वाटी हातात धरून बसले होते. बोलायची वेळ आली की ते नेहमी आधी चष्मा काढून पुसायचे, तसा त्यांनी पुसला.

"मी मिरजेला मामाकडे शिकायला होतो, तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मामा तापट होता. मामी गरीब बाई. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. एकदा जेवताना म्हणालो, मामी, आज आमटी खारट झालीय. सहज म्हणालो. मामानं अजून आमटीला हात लावला नव्हता. त्यानं एक घोट घेतला आणि वाटी उचलून भिंतीवर मारली. म्हणाला, पोरालासुद्धा कळतं, तुला कळत नाही? आणि तसाच उठून गेला."

"अगं बाई!"

"मामी भिंत पुसत होती. मला एका शब्दानं बोलली नाही. ती दिवसभर उपाशी होती, आणि संध्याकाळी मला मात्र दूधभात कालवून दिला. माझ्या तोंडात घास फिरत होता. त्या दिवशी मी ठरवलं, पानात पडेल ते खायचं. रांधणाऱ्या बाईला काही म्हणायचं नाही. 'छान' एवढंच म्हणायचं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ती सवय झाली. मला वाटलं, तू त्यानं सुखात असशील."

नयना त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं जी मान तिला बेपर्वाईनं खाली घातलेली वाटली होती, ती कशासाठी खाली होती ते तिला आज कळलं होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, पण इथे मामा कुठे आहेत?"

त्यांनी चमचा वाटीत नुसताच फिरवला. मग तिनंच वाटीकडे बोट केलं. "हा भात कसा झालाय? आणि 'छान' म्हणाल तर बघा."

त्यांनी एक घास घेतला. फार वेळ विचार केला. "तूप..." ते म्हणाले, "तूप जरा जुनं आहे. खवट नाही, पण जुनं. भात चांगला आहे. पोटाला बरं वाटतंय."

नयना उठली आणि तुपाची बरणी घेऊन आली. "यातलंच. चार-पाच आठवडे झाले कढवून." आणि मग ती हसायलाच लागली.

जयनगरच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे ती दोघं जाऊन आली. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, तापानं वासाची नस दुखावलीय, औषध असं काही नाही. येईल तर हळूहळू येईल. नाही आला तर सवय करायची. गॅस मात्र जपून वापरा.

त्या दिवसापासून पेठ्यांच्या घरी एक नवीनच प्रकार सुरू झाला. अंघोळ करून कपडे घालून पद्माकर सकाळी स्वयंपाकघरात यायचे. लग्न झाल्यापासून पाणी प्यायलाही जे कधी आत आले नव्हते, ते आता ओट्यापाशी उभे राहून एकेका पातेल्याचा वास घ्यायचे. नयना पदर खोचून शेजारी उभी.

"भात?"

"चालेल."

"चालेल म्हणजे काय? ती काय बस आहे का? कसा वास येतोय ते सांगा."

"ओल्या पुठ्ठ्यासारखा."

नयनानं डोळे मिटून विचार केला. "मग दुपारपर्यंत नाही राहायचा. आत्ताच फोडणी घालते, डब्यात न्या. आणि ही डाळ?"

"हिला... काही नाही. म्हणजे डाळीसारखाच वास आहे."

"आता कसं! आणि हे ताक?"

पद्माकर मागे सरकले. "हे पावसात भिजलेल्या लोकरी टोपीसारखं आहे."

"मग कढी!" ती आनंदानं म्हणाली.

ही भाषा शिकायला तिला थोडे दिवस लागले. फोडणी चालू असताना ते म्हणाले, "वायरचं वेष्टण तापल्यासारखा वास येतोय," तेव्हा ती आधी भिंतीवरच्या बटणाकडे धावली. नंतर कळलं, मेथीदाणे जळले होते. कांद्याला 'अजून हिरवा' आणि 'आता झाला' असे दोनच शेरे होते. पण नाक तयार होतं. यंत्राच्या आवाजात बारीकसा बिघाड ऐकायची सवय असलेला माणूस तो; लक्ष द्यायला शिकला की त्याला सगळं कळायचं. आणि दुपारी, ते कामावर असताना, नयना कानांवर काम भागवायला शिकली. मोहरी कशी तडतडते, हळद पडल्यावर तेलाचा आवाज कसा बसका होतो, हे ती पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होती. चव न बघण्याची रीतही तिनं सोडली. चमचाभर आमटी तळहातावर घेऊन चाटायची, मीठ बघायची आणि देवाला म्हणायची, आता समजून घ्या.

यल्लव्वाच्या हातातली पिशवी पुन्हा हलकी झाली.

एकदा वास घ्यायचं मनावर घेतल्यावर पद्माकरांच्या तोंडून बाकीचंही निघायला लागलं. एका शनिवारी नयनानं पडवळाची भाजी केली. डाळ घालून, त्यांच्या आवडीची. ताट वाढता वाढता ती सहज म्हणाली, "आज तुमच्या आवडीचं पडवळ आहे हं."

ते चष्मा काढून पुसायला लागले. नयनानं ओळखलं. "काय झालं?"

"मला पडवळ आवडत नाही."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय? अहो, लग्न झाल्यापासून दर आठवड्याला करतेय मी! पहिल्या वर्षी तुम्ही सगळ्यांत आधी पडवळ संपवायचात, वाटी रिकामी दिसली की मी आणखी वाढायची!"

"नावडतं आधी संपवायचं, म्हणजे मग उरलेलं जेवण बरं जातं," ते अपराधी आवाजात म्हणाले. "मी संपवलं की तू पुन्हा वाढायचीस."

स्वानंदी हसून हसून लोळायची बाकी राहिली. नयनाला हसावं की रडावं कळेना. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. दुधीच्या सालांची चटणी आवडते, फार आवडते. कुस्करा आवडतो, पण पोळी अगदी बारीक चुरडलेली नको. गोडा मसाला जरा कमी चालेल. सगळ्यांत आवडतं काय, म्हणून विचारलं तर ते म्हणाले, रात्रीच्या भाताला दिलेली लसणीची फोडणी. ज्या पदार्थासाठी तिनं कधी वेगळा विचारही केला नव्हता, उरलेल्याचं करायचं म्हणून जो करायची, तो! आपण सणावारी दमून दमून पुरणपोळ्या लाटल्या आणि हा माणूस मनात शिळ्या भाताची वाट बघत होता, हे ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. पण त्या दिवसानंतर तांदूळ धुताना ती मूठभर जास्त घ्यायला लागली.

हिवाळ्यात अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या, शेंगा आल्या. बेंगळुरूच्या बाजारात त्यांचे ढीग लागतात आणि सगळं गाव महिनाभर अवरेकाळूच खातं. आजवर नयना आणि रत्नाक्का जोडीनं शेंगा आणायला जायच्या. शेंग हातात चोळून वास घ्यायचा, सोगडु आहे की नाही ते बघायचं. सोगडु म्हणजे त्या शेंगेचा खास मातकट, तेलकट सुगंध. तो नसेल तर सारू फुकट, असं रत्नाक्कांचं मत. त्या वर्षी पद्माकरही पिशवी घेऊन बरोबर निघाले.

विक्रेती पोत्यावर बसली होती. पद्माकरांनी एक शेंग घेतली, चोळली, नाकाला लावली. दुसरी घेतली. मग शेजारच्या ढिगातली. मग तिसऱ्या.

"अण्णा," विक्रेती कन्नडमध्ये म्हणाली, "वास फुकट आहे, शेंगा विकत आहेत."

लोक हसले. पद्माकरांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. तिसऱ्या ढिगातली शेंग त्यांनी पुन्हा हुंगली आणि नयनाकडे वळून म्हणाले, "ही. हिला बघ, शेतातल्या पायवाटेसारखा वास आहे. सकाळचा. थोडा मशीनच्या तेलाचा."

रत्नाक्कांनी ती शेंग त्यांच्या हातातून घेतली, स्वतः हुंगली आणि डोळे मोठे केले. "अय्यो, नयना! ह्यांना तर माझ्याहून बरा कळतो सोगडु. एवढी वर्षं कुठं लपवून ठेवला होता हा माणूस?"

"लपवला नव्हता हो अक्का," नयना म्हणाली. "मीच झाकण उचललं नव्हतं."

त्या दिवशी दुपारी तिघं बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत बसली. स्वानंदी आली आणि चौथी झाली. संध्याकाळी दाण्यांचं सारू झालं, आणि साबणानं धुतला तरी हाताचा वास जात नाही असं सगळे म्हणत होते. नयनानं आपला हात नाकाशी नेला. काही नव्हतं. पण तिला पूर्वीसारखं वाईट वाटलं नाही. तिनं तो हात पद्माकरांपुढे धरला. "आहे का?" "आहे," ते म्हणाले, "भरपूर आहे."

वास परत आला, पण सगळा नाही, आणि एकदम नाही. उन्हाळा सुरू होताना ती एकदा कॉफी दळून देणाऱ्याच्या दुकानावरून चालली होती, तेव्हा तिच्या नाकात काहीतरी घाणेरडं शिरलं, रबर जळल्यासारखं. ती रस्त्यातच थांबली. बाकी कुणी नाक मुरडत नव्हतं. ती कॉफीच होती, तिच्या नाकाला उलटीसुलटी कळलेली. पण काहीतरी कळलं होतं! ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती दुर्गंधी पोटभर हुंगत होती, आणि दुकानदार तिच्याकडे बघत होता. पुढच्या काही महिन्यांत कॉफी हळूहळू कॉफीसारखी झाली. हिंग आला, लसूण आली, जळकं कळायला लागलं. दूध नासल्याचं मात्र तिला पुढे कधीच कळलं नाही, आणि कोथिंबीर कायमची गेली.

कॉफीचं त्याच दिवशी संध्याकाळी तिनं सांगितलं. पद्माकर बसमधून उतरून पायातले बूट काढत होते.

"वास यायला लागलाय मला. थोडा थोडा."

ते बूट हातात धरून तसेच थांबले. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच थोडा पडलाही. "मग आता सकाळी मी यायला नको?"

"असं कुणी म्हटलं?" नयना म्हणाली. "मला अजून दूध कळत नाही. आणि कळलं तरी दोन नाकं बरी."

ते येत राहिले. स्वानंदी शिकून पुण्याला नोकरीला गेली, तेव्हाही सकाळची ती पाहणी चालू होती. सुट्टीला घरी आली की तिला नवल वाटायचं. तिच्या लहानपणी या घरात जेवताना फक्त भांड्यांचा आवाज व्हायचा. आता तिचे बाबा आमटीचा घोट घेऊन म्हणत होते, "नयना, गूळ जास्त झालाय."

"काही जास्त झालेला नाही. चिंच कोवळी आहे, म्हणून तसं लागतंय."

"चिंचेचा काय संबंध? गूळ जास्त झालाय."

"मग उद्यापासून तुम्हीच घाला!"

"घालतो ना. किती घालायचा, मुठीनं की चमच्यानं?"

"स्वानंदी, ऐकलंस? चमच्यानं म्हणे! गूळ काय चमच्यानं घालतात?"

स्वानंदी दोघांकडे आळीपाळीनं बघत भात कालवत होती. पद्माकरांनी वाटी पुढे केली आणि नयनानं बोलता बोलताच ती पुन्हा भरली.